मुलगी हॉकी खेळायला लागली आहे. पीसी, फूट, सिक्स्टीन यार्ड म्हणजे काय, कुणी नीट सांगेल का?

आरोहीची_आई:

नमस्कार मंडळी. मुलगी सहावीत आहे, जूनपासून शाळेच्या हॉकी संघात जाते. आमच्या घरात क्रिकेटशिवाय दुसरा खेळ कुणी धड पाहिलेला नाही. हॉकी म्हणजे ऑलिंपिकच्या वेळी टीव्हीवर दिसेल तेवढी. गेल्या आठवड्यात पिंपरीच्या नेहरूनगरला मेजर ध्यानचंद स्टेडियमवर तिची पहिली मॅच बघायला गेले आणि निम्म्याहून जास्त गोष्टी डोक्यावरून गेल्या.

स्कोअर १-१ होता. वेळ संपत आली होती. आमच्या एका मुलीच्या बुटाला बॉल लागला आणि शिट्टी झाली. मग हूटर वाजला, म्हणजे मॅच संपली असं आम्ही धरलं, पण मैदानावरून कुणी हललंच नाही. आमच्या पाच मुली गोलच्या रेषेमागे जाऊन उभ्या राहिल्या, बाकीच्यांना थेट मध्यरेषेपलीकडे पाठवलं. समोरच्या एका मुलीने कडेच्या रेषेवरून बॉल ढकलला, दुसरीने अडवला, तिसरीने मारला आणि गोल दिला! वेळ संपल्यावर! आम्ही पालकांनी बराच आरडाओरडा केला. रिक्षात बसल्यावर आरोही मात्र शांतपणे म्हणाली, "आई, तो पीसी होता. तो पुरा करावाच लागतो." मला त्यातलं काहीही कळलं नाही.

आणखी काही शंका. आमच्या सेंटरच्या मुलीने लांबून मारलेला बॉल सरळ जाळीत गेला, तरी गोल धरला नाही. का? एका मुलीला हिरवं तिकोनी कार्ड दाखवून बाहेर बसवलं, ती थोड्या वेळाने परत आली. आरोही डावखुरी आहे, लिहिते-जेवते सगळं डाव्या हाताने. तिला इतरांसारखीच स्टिक दिली आहे. डाव्या हाताची स्टिक कुठे मिळेल? आणि सर तिला "लेफ्ट इन" म्हणतात, ते काय?

शिट्टी_खडकी:

ताई, तुमच्या मुलीने रिक्षात जे सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आहे. तिला खेळ कळायला लागला आहे.

मी खडकीचा. धनराज पिल्ले आमच्याच भागातले, त्यामुळे लहानपणी आमच्याकडे पोराच्या हातात बॅटआधी स्टिक यायची. बरीच वर्षं खेळलो, आता शालेय आणि क्लबच्या मॅचना अंपायर म्हणून उभा असतो. नवे पालक कडेला उभे राहून जे विचारतात ते जवळपास हेच असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं सांगणं एकच: शब्द पाठ करत बसू नका. डी कुठे आहे ते बघा आणि शिट्टी झाली की अंपायरच्या हातांकडे बघा. या दोन गोष्टी जमल्या की बाकीचे शब्द दोन-चार मॅचमध्ये आपोआप कानात बसतात.

आधी डी. गोलसमोरची अर्धगोलाकार रेघ ती डी. गोलपासून १४.६३ मीटरवर असते, जुन्या मापात सोळा यार्ड. गोल व्हायचा असेल तर हल्ला करणाऱ्या संघातल्या कुणाची तरी स्टिक डीच्या आत बॉलला लागलेली पाहिजे. बाहेरून कितीही सुंदर मारा, वाटेत आपल्यापैकी कुणी आत स्पर्श केला नाही तर गोल नाही. बचाव करणाऱ्या मुलीच्या स्टिकला लागून आत गेला, तरीही नाही. तुमच्या सेंटरच्या मुलीचं हेच झालं. डीच्या बाहेर आणखी पाच मीटरवर तुटक रेघ दिसते, तिचं काम पुढे येईल.

आता हात. एकच हात आडवा एका दिशेला, म्हणजे फ्री हिट, आणि ज्या बाजूला हात त्या बाजूला हल्ला करणाऱ्या संघाची. दोन्ही हात आडवे गोलकडे, म्हणजे पेनल्टी कॉर्नर, ज्याला सगळे पीसी म्हणतात. दोन्ही हात आडवे मध्यरेषेकडे, म्हणजे गोल. एक हात सरळ वर आणि दुसरा गोलसमोरच्या ठिपक्याकडे, म्हणजे पेनल्टी स्ट्रोक, समोर फक्त गोलकीपर असताना एकटीने मारायचा फटका. पाय किंचित उचलून घोट्याजवळ हात लावला तर फूट. छातीसमोर मनगटं एकमेकांवर आडवी धरली तर ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे अंग मध्ये घालून समोरच्याला बॉलपाशी येऊ दिलं नाही. आणि शिट्टी न वाजवता एक हात खांद्यातून उंच पुढे केला तर तो अ‍ॅडव्हान्टेज. चूक मी पाहिली आहे, पण बॉल तुमच्याकडेच आहे, खेळा.

हा शेवटचा हात पालकांच्या लक्षात येत नाही आणि मग "फूट! फूट!" असा गलका सुरू होतो. नुसता पायाला बॉल लागला म्हणजे फाउल होतोच असं नाही. त्यामुळे त्या संघाचा फायदा झाला किंवा समोरच्यांचं नुकसान झालं तरच अंपायर शिट्टी मारतो. माझ्या अनुभवात तुमच्या या गलक्याचा अंपायरवर परिणाम होत नाही, मुलींवर होतो. अकरा-बारा वर्षांची मुलगी ओरडा ऐकून थांबते, शिट्टी झाली असं समजते आणि बॉल तिच्या शेजारून निघून जातो. कृपा करून सगळ्या पालकांना हे सांगा.

आता पीसी, कारण निम्म्या मॅच त्यावर फिरतात. बचाव करणाऱ्या संघाने डीच्या आत फाउल केला की पीसी. डीच्या बाहेर पण २३ मीटरच्या रेषेच्या (मागच्या रेषेपासून मोजलेल्या) आत मुद्दाम फाउल केला, तरी पीसी. घाबरून बॉल मुद्दाम आपल्याच गोललाइनबाहेर मारला, तरी पीसी. लहान मुली हे तिसरं फार करतात. संकट टळलं असं त्यांना वाटतं आणि ते दुप्पट होऊन परत येतं.

पीसीला गोलकीपर धरून पाचच जणी रेषेमागे, बाकी सहा मध्यरेषेपलीकडे. हल्ल्यातली एक मुलगी गोलच्या खांबापासून किमान दहा मीटर दूर, मागच्या रेषेवरून बॉल पुश करते. तिला आपल्याकडे पुशर म्हणतात, टीव्हीवर इंजेक्टर. डीच्या टोकाशी एक स्टॉपर असते, तिच्या शेजारी मारणारी. बॉल एकदा डीच्या बाहेर गेल्याशिवाय गोलवर मारता येत नाही. बॉल पुशरच्या स्टिकवरून सुटला की रेषेमागच्या पाच धावू शकतात. त्यातली सगळ्यात पुढे सुसाट जाते ती फर्स्ट रशर. हिचं काम मैदानावरचं सगळ्यात धाडसाचं. एखादी आधीच सुटली तर तिला मध्यरेषेपलीकडे पाठवतात आणि तिच्या जागी दुसरी मिळत नाही, म्हणजे पाचाऐवजी चारच उरतात.

गोलच्या आत खाली जी फळी असते ती ४६० मिलिमीटर उंच. पीसीवर पहिला फटका हिट असेल तर बॉल गोलची रेषा ओलांडताना त्या उंचीच्या आत हवा. फळीवर "ठक्क" आवाज आला की प्रेक्षक उठतात तो यासाठी. पण ड्रॅग फ्लिकला, म्हणजे बॉल स्टिकवर ओढत आणून भिरकावला तर, हे बंधन नाही, फक्त तो कुणाला धोकादायक नको. म्हणून हरमनप्रीत सिंग वरच्या कोपऱ्यात मारतो ते चालतं. पॅरिसला २०२४ च्या ब्राँझच्या मॅचमध्ये स्पेनविरुद्ध आपले दोन्ही गोल त्याचेच, आणि दोन्ही पीसीवर.

तर तुमचा प्रश्न. हूटरच्या आधी पीसी दिला गेला असेल तर तो पूर्ण होईपर्यंत वेळ वाढतो. गोल झाला, हल्ला करणाऱ्यांकडून फाउल झाला, किंवा बॉल डीपासून पाच मीटरपेक्षा बाहेर, म्हणजे त्या तुटक रेघेपलीकडे गेला, की तो संपला. टोकियोत ५ ऑगस्ट २०२१ ला जर्मनीविरुद्ध आपण ५-४ ने पुढे होतो आणि ६.८ सेकंद उरले असताना जर्मनीला पीसी मिळाला. घड्याळात सात सेकंदही नाहीत म्हणून कुणी सुस्कारा टाकला नव्हता, तो यामुळेच. तो पीसी अडवला गेला आणि ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं. तुमच्या मुलींना तो अडवता आला नाही, एवढंच.

कार्डं: हिरवं तिकोनी, दोन मिनिटं बाहेर. पिवळं चौकोनी, किमान पाच मिनिटं. लाल गोल, मग त्या मॅचमध्ये परत येणं नाही. तेवढा वेळ संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळतो. पॅरिसला ब्रिटनविरुद्ध क्वार्टर फायनलमध्ये अमित रोहिदासला १७ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं आणि पुढची चाळीसहून जास्त मिनिटं आपण दहा जणांनी काढली. मग १-१ वरून शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकलो. रोहिदास हाच तिथे आपला फर्स्ट रशर होता. सेमी फायनललाही त्याच्यावर बंदी आली तेव्हा पीसी अडवताना त्याची उणीव भासली.

बाकीचे शब्द पटकन. सिक्स्टीन यार्ड: हल्ला करणाऱ्यांनी बॉल मागच्या रेषेबाहेर घालवला की बचाव करणाऱ्यांना मिळणारी हिट. लाँग कॉर्नर: बचाव करणाऱ्यांकडून नकळत बाहेर गेला तर. पूर्वी तो कोपऱ्याजवळून घेत, आता बॉल जिथून बाहेर गेला त्याच्या सरळ रेषेत २३ मीटरच्या रेघेवरून घेतात. बॅक स्टिक: स्टिकच्या गोल बाजूला बॉल लागला. खेळायचं फक्त सपाट बाजूने.

लेफ्ट इन हे जुन्या पद्धतीचं नाव. पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन फुल बॅक आणि गोलकीपर अशी रचना असायची. डावीकडून लेफ्ट आउट, लेफ्ट इन, सेंटर फॉरवर्ड, राइट इन, राइट आउट. आता रचना बदलल्या, पण जुने कोच हीच नावं वापरतात. लेफ्ट इनला पळावंही लागतं आणि डोकंही वापरावं लागतं. सरांनी नव्या मुलीला ती जागा दिली याचा मला आनंद वाटला.

फलटणची_हाफ:

काकांनी डावखुऱ्या मुलीचं राहू दिलं, ते मी सांगते. ताई, डाव्या हाताची स्टिक शोधू नका. तशी स्टिक खेळात चालतच नाही. सगळ्यांची सपाट बाजू एकाच हाताला असते. आणि चिंता करायचं कारणही नाही. डावा हात स्टिकच्या वरच्या टोकाला असतो आणि स्टिक फिरवायचं सगळं काम तोच करतो, उजवा खाली नुसता आधाराला. डॉज करताना, बॉल उजवीकडून डावीकडे आणि परत नेताना मनगट फिरतं ते डावं. उजव्या हाताच्या मुलींना पहिले काही महिने हेच जड जातं. आमच्या संघातली सगळ्यात सफाईदार ड्रिबल करणारी मुलगी डावखुरीच होती.

स्टिकची लांबी मात्र नक्की बघा. मुलीला बूट घालून सरळ उभं करा, स्टिक बाजूला जमिनीवर टेकवा. वरचं टोक कमरेच्या हाडाशी आलं पाहिजे. "वाढत्या अंगाची आहे, मोठी घेऊन ठेवू" असं कपड्यांना चालतं, इथे नाही. लांब स्टिक घेतली की मुलगी वाकत नाही, कोपर बाहेर काढून खेळते, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. महागडी कंपोझिट स्टिकही आत्ता नको. ती कडक असते, बॉल अडवताना उसळतो. जालंधरची साधी लाकडी स्टिक एवढ्या वयाला उत्तम. अडवायला शिकू दे, मारायचं नंतर.

शिनपॅड आणि माउथगार्ड यांत मात्र काटकसर करू नका. बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक. "सरावालाच तर जायचंय" म्हणून शिनपॅड घरी ठेवणाऱ्या मुलींच्या नडग्या मी बघितल्या आहेत. दाताचं गार्ड पहिल्या आठवड्यात त्रासदायक वाटतं, मुली चावून चावून काढतात. तुम्ही तिथे ठाम राहा.

आणि मोज्यांचा एक जादा जोड बॅगेत ठेवा. पाण्याच्या टर्फवर मॅचआधी फवारे सोडतात, बूट चिंब होतात.

आमच्या फलटण तालुक्यातून अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके भारताकडून खेळल्या. शेतकऱ्यांच्या घरातल्या मुली. पिंपरीसारखा टर्फ घराजवळ असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे आरोहीला जरूर सांगा.

जुना_सेंटरफॉरवर्ड:

कॉलेजात खेळायचो. काकांनी ऑफसाइडबद्दल काहीच लिहिलं नाही. आमच्या वेळी अर्ध्या शिट्ट्या त्याच्याच असायच्या.

शिट्टी_खडकी:

साहेब, ऑफसाइड १९९६ मध्ये प्रयोग म्हणून काढला आणि १९९८ पासून तो कायमचा गेला. त्यामुळे आता फॉरवर्ड थेट गोलकीपरसमोर उभी राहिली तरी चालतं. आरोहीच्या आईंनी ते लक्षात ठेवायची गरज नाही. तसंच आपल्या वेळचे ३५ मिनिटांचे दोन हाफही गेले. मोठ्या मॅच आता १५ मिनिटांच्या चार क्वार्टरच्या, शालेय स्पर्धांत वेळ त्याहून कमी ठेवतात.

आरोहीची_आई:

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! काल सरावाला गेले तेव्हा पहिल्यांदा अंपायरच्या, म्हणजे सरांच्या, हातांकडे बघत बसले आणि खरंच कळत होतं. शिनपॅड आजच आणले.

आता नवीन काळजी. त्यांची गोलकीपर दहावीला गेल्याने येणं बंद करणार आहे आणि सरांनी आरोहीला विचारलं, गोलमध्ये उभी राहशील का. ती एका पायावर तयार आहे. माझी मात्र झोप उडाली आहे. इतक्या जवळून मारतात!

गोलकीपरचा_बाबा:

माझा मुलगा तीन मोसम गोलमध्ये आहे, म्हणून लिहितो. तुमची भीती मला समजते, पण मैदानावर सगळ्यात जास्त संरक्षण गोलकीपरलाच असतं. हेल्मेट, घशाचं गार्ड, छातीचं गार्ड, हातांना जाड पॅड, पायांना लेगगार्ड आणि बुटांवर किकर. फर्स्ट रशरला यातलं जवळपास काहीच नसतं.

तुम्ही बघायचं ते कीटचं माप. शाळेचं कीट मोठ्या मुलांचं असतं. हेल्मेट सैल असेल तर डाइव्ह मारली की फिरतं आणि समोरचं दिसत नाही. लेगगार्ड मोठे असतील तर गुडघा वाकत नाही. सरांना सांगून एकदा सगळं कीट तिला घालायला लावा, पट्टे आवळा आणि तिला बसायला, उठायला, बाजूला सरकायला सांगा. त्यात अडखळली तर ते कीट नको. आम्ही हेल्मेट आणि किकर स्वतःचे घेतले, बाकी शाळेचं वापरतो.

नियम तिला आधी समजावा. डीच्या आत ती पायाने, अंगाने, कशानेही बॉल अडवू शकते, लाथ मारू शकते. डीच्या बाहेर पाऊल टाकलं की फक्त स्टिक. बॉलवर आडवं पडून राहायचं नाही, तो फाउल. तिच्या पॅडला लागून बॉल मागच्या रेषेबाहेर गेला तर मात्र पीसी नाही, लाँग कॉर्नरच. इतर मुलींपेक्षा तिला ही मोकळीक आहे.

आणखी एक. गोलकीपर मागून सतत बोलत राहिली पाहिजे. पूर्ण मैदान फक्त तिला दिसतं. "डावीकडे सोडू नकोस", "मागे ये", "हिला धर". माझा मुलगा घरात तोंड उघडत नाही, गोलमध्ये उभा राहिला की त्याचा आवाज पार्किंगपर्यंत येतो. भारताचा गोलकीपर होता त्या श्रीजेशच्या जुन्या मॅच आवाज मोठा ठेवून तिला दाखवा. त्याचे सेव्ह तर बघाच, पण तो साठ मिनिटं काय काय ओरडतोय ते ऐका.

आरोहीची_आई:

एक शेवटचं विचारते. काल फ्री हिट मिळाल्यावर एका मुलीने दुसरीला पास न देता स्वतःच बॉल पुढे घेऊन पळ काढला. सर काहीच म्हणाले नाहीत. हे चालतं का?

शिट्टी_खडकी:

चालतं. त्याला सेल्फ पास म्हणतात, २००९ पासून आहे. बॉल आधी थांबलेला हवा, मग ती स्वतःलाच पास दिल्यासारखा हलवून पुढे निघते. समोरच्यांनी पाच मीटर दूर राहायचं. कुणी जवळ रेंगाळली तर अंपायर पाच बोटं उघडून हात वर करतो.

फक्त २३ मीटरच्या आत हल्ल्याची फ्री हिट असेल तर बॉल लगेच डीमध्ये नेता येत नाही, आधी तो पाच मीटर फिरला पाहिजे किंवा समोरच्या संघातल्या कुणाला तरी लागला पाहिजे. लहान मुली जोशात सरळ डीमध्ये घुसतात आणि हातातली हिट घालवतात. आरोही गोलमध्ये उभी राहणार असेल तर हा नियम तिला आजच शिकवा. समोरची मुलगी अशी घुसली की तिने बचाव सोडायचा नाही, शिट्टी होईपर्यंत बॉलवरच नजर ठेवायची.